पुढचं वाक्य तुमचं

नारायण पेठेत माणसाला काय वाटेल ते करता येतं, फक्त गुपचूप करता येत नाही. संध्याकाळी मी पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन बाहेर पडू लागलो, तेव्हा शेजारपाजारच्यांनी आधी योगासनं, मग मधुमेह आणि शेवटी अध्यात्म अशी चढत्या काळजीची निदानं केली. नाटकाच्या तालमीला जातो म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. नाटक हा या भागात रोग समजत नाहीत. गणेशोत्सवातल्या मेळ्यांच्या काळापासून इथल्या कुठल्या ना कुठल्या माडीवर कुणीतरी कशाची तरी तालीम करतच आलं आहे. १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू झाला, तेव्हापासून तर पावसाळ्यात पेठांमधल्या रिकाम्या खोल्या कॉलेजची पोरं शोधत फिरतात आणि रात्री उशिरापर्यंत ‘आव्वाज कुणाचा’ ऐकू येतो.

पण तेवढ्यावर सुटका होत नाही.

“कुठलं नाटक?”

“नाव नाही.”

“लेखक कोण?”

“लेखक नाही.”

“मग पाठ काय करता?”

“काहीच नाही.”

“अहो, मग तालीम कसली करता?”

प्रश्न रास्त आहे. पण तो पुण्यात विचारला जावा याचं नवल वाटतं. दर हिवाळ्यात याच शहरात सवाई गंधर्व महोत्सवाला हजारो माणसं जाऊन बसतात. १९५३ पासून बसत आली आहेत. गवई कुठली तान कधी घेणार हे त्यांना ठाऊक नसतं, आणि पुष्कळदा गवयालाही नसतं. तरी ‘आयत्या वेळीच सुचायचं आहे, तर पहाटे उठून रियाज कशाला?’ असं तिथे कुणी विचारत नाही. मनसोक्त भटकून समेवर नेमकं परत यायचं तर वाटा पायाखालच्या हव्यात, हे ऐकणाऱ्यालाही कळतं. नाटक म्हटलं की मात्र आपल्याला वही आठवते. वही, वहीतली अधोरेखित वाक्यं आणि विंगेत पुस्तक धरून उभा असलेला प्रॉम्प्टर. आमच्याकडे विंग नाही, पुस्तक नाही, आणि प्रॉम्प्टर नेमला तरी तो बिचारा कुठल्या पानावरून बोलणार?

पोरं याला ‘इम्प्रॉव्ह’ म्हणतात. दोघंतिघं पुढे येतात, प्रेक्षकांकडून एखादी जागा किंवा नातं मागून घेतात आणि कुणालाच माहीत नसलेलं नाटक तिथल्या तिथे करू लागतात. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. समोर मूळ प्रत नाही आणि तरी माणसं बोलताहेत, हा अनुभव मला साठीत मिळाला.

आमची तालीम एका जुन्या वाड्याच्या माडीवर होते. सकाळी तिथे योगवर्ग असतो, दुपारी भजनी मंडळ आणि सात ते नऊ आम्ही. भिंतीवर पाट्या आहेत: ‘चपला बाहेर’, ‘पंखा गरजेपुरता’ आणि ‘मोठ्याने हसू नये’. तिसरी आम्ही आल्यावर लागली. जागेची किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात आणि नवाला पाच कमी असताना एक दिवा मालवतात. नऊला दुसरा. रंगभूमीवरच्या तिसऱ्या घंटेचा धाक मी ऐकून होतो, या दुसऱ्या दिव्याचा प्रत्यक्ष अनुभवतो.

मंडळी म्हणाल तर एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक चार्टर्ड अकाउंटंट, हिंजवडीहून धापा टाकत येणारा आयटीतला मुलगा, कॉलेजात शिकणारी एक मुलगी, लक्ष्मी रोडवर कापडाचं दुकान असलेले शेठजी आणि पौरोहित्य करणारे एक गुरुजी. शिकवणारा मुलगा पंचविशीचा आहे. त्याला आम्ही सगळे ‘सर’ म्हणतो आणि अरेतुरेही करतो. “सर, तू जरा थांब,” हे वाक्य तालमीत सर्रास ऐकू येतं.

खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि पलीकडची मंडळी लकडी पुलावरून वळसा घालून, पुलावरच्या गर्दीचं सविस्तर वर्णन करत उगवतात. गणपती जवळ आले की नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो. मग आम्ही मूकाभिनयाचे प्रवेश करतो. तत्त्व असं की जे समोर येईल ते नाकारायचं नाही. ढोल तर नाकारताच येत नाही.

हेच या खेळाचं पहिलं सूत्र आहे. समोरचा जे म्हणेल ते आधी मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. ‘हो, आणि…’ असं त्याला थोडक्यात म्हणतात. या प्रकाराचं एक मूळ शिकागोत आहे. तिथे व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी नाटकाचे खेळ रचले. भाषा धड येत नसलेली मुलं खेळता खेळता एकमेकांकडे बघू लागावीत, ऐकू लागावीत, हा हेतू. ते खेळ पुढे १९६३ साली त्यांनी पुस्तकात घातले. १९५९ मध्ये त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स आणि मित्रांनी काढलेल्या ‘सेकंड सिटी’ या संस्थेतून अमेरिकेतले कितीतरी विनोदी नट निघाले. म्हणजे जगाला पोट धरून हसवणाऱ्या या कलेच्या मुळाशी विनोद नव्हताच, लक्ष देणं होतं.

ही गोष्ट नारायण पेठेत पचायला वेळ लागतो, कारण इथे हजरजबाबीपणा भरपूर आहे. सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की तुम्हा सगळ्यांची अडचण हीच आहे. आम्हाला ती स्तुतीच वाटली. मग एक प्रवेश झाला. कॉलेजातली मुलगी धावत आली आणि सीएंना म्हणाली, “आजोबा, विमान सुटायला दहा मिनिटं राहिली आणि तुम्ही अजून लोणच्याची बरणी शोधताय!”

सीए शांतपणे म्हणाले, “बाळ, हे लोहगाव विमानतळ नाही. हे माझं ऑफिस आहे आणि तुझी अपॉइंटमेंट नाही.”

माडी दणाणली. काकांनी पेपर खाली घेतला. सीएंनी खिशातून रुमाल काढून समाधानानं चष्मा पुसला. आणि मग काहीच झालं नाही. ती मुलगी उभी, हे उभे. विमान गेलं, बरणी गेली, आजोबा गेले, नात गेली. एका टाळीत चार गोष्टी खर्ची पडल्या होत्या.

“टाळी मिळाली, प्रवेश मेला,” सर म्हणाले. “पुन्हा.”

दुसऱ्या खेपेला सीए मोठ्या कष्टानं म्हणाले, “बरणी सापडली गं. पण तुझ्या आजीनं पासपोर्ट तिच्यातच ठेवलाय.” मग पासपोर्ट बाहेर काढला गेला, तो चांगला मुरलेला निघाला, आयटीतल्या मुलानं विमानतळावरचा अधिकारी होऊन तो बोटानं चाखून पाहिला आणि “मीठ कमी आहे, देश सोडता येणार नाही” असा शिक्का मारला. यातलं एकही वाक्य आधीच्या उत्तराइतकं धारदार नव्हतं. पण प्रवेश बराच वेळ चालला आणि आम्ही विमानतळावर होतो.

तेव्हापासून मी हजरजबाबी माणसांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. फर्मास उत्तर हे संभाषणाचं शेवटचं वाक्य असतं. त्यानंतर समोरच्यानं एकतर हसायचं किंवा घरी जायचं. आपल्या दुकानांतल्या, वाड्यांतल्या प्रसिद्ध पाट्या तरी काय आहेत? कुणाला प्रश्न पडण्याआधीच दिलेली उत्तरं. त्यांत विनोद आहे, नेमकेपणा आहे, व्याकरणही बहुधा शुद्ध आहे. दुसऱ्या माणसाला बोलायला जागा मात्र नाही. आमचा सगळा रियाज ती जागा ठेवण्याचा आहे. आपल्याला चार वाक्यं सुचलेली असताना समोरच्याचं पाचवं ऐकायचं आणि आपली चार सोडून द्यायची, हे फार अवघड आहे. शेवटचा शब्द आपला असावा म्हणून इथे माणसांनी भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या लढवले आहेत.

याला आमच्यात एकच अपवाद निघाला, गुरुजी. त्यांना काहीच शिकवावं लागलं नाही. यजमान ऐन वेळी “जानवं आणायचं राहिलं” म्हणतात तेव्हा गुरुजी पूजा थांबवत नाहीत. “यज्ञोपवीतार्थे अक्षता” म्हणतात आणि पुढे जातात. अलंकार नाहीत? अलंकारार्थे अक्षता. जे नाही ते आहे असं दोघांनी मिळून मानायचं, हा त्यांचा रोजचा व्यवहार. सरांनी पहिल्यांदा “इथे एक खुर्ची आहे असं समजा” म्हटलं, तेव्हा आम्ही हवेत चाचपडत बसलो. गुरुजींनी त्या नसलेल्या खुर्चीवरची धूळ उपरण्यानं झटकली आणि मुख्याध्यापिका बाईंना बसायला दिली.

आणखी एक सराव आहे, पायरीचा. कीथ जॉन्स्टन नावाच्या नाट्यशिक्षकानं १९७९ साली आपल्या पुस्तकात त्यावर बरंच लिहिलं. दोन माणसं बोलू लागली की एक वर असतो, एक खाली, आणि ही पायरी क्षणोक्षणी बदलत असते, हे त्याचं निरीक्षण. ते दाखवायला त्याला नजर, मान, हातांची हालचाल यांवर मेहनत घ्यावी लागली. आपल्याकडे तोंड उघडलं की क्रियापदच पायरी सांगून टाकतं. अरे म्हणावं की अहो, हे ठरेपर्यंत मराठी माणूस वाक्य पुरं करत नाही.

सरांनी आयटीतल्या मुलाला मुख्याध्यापक केलं आणि बाईंना उशिरा आलेली सातवीतली मुलगी.

“अहो बाई… उशीर का झाला आपल्याला?” मुलगा चाचरत म्हणाला.

“अहो काय? मी सातवीत आहे,” बाईंनी अशा आवाजात सुनावलं की मुख्याध्यापक स्वतःच पायाचे अंगठे धरायच्या बेतात आले. प्रवेश पुन्हा सुरू झाला. मुलानं डोळे मिटले, श्वास घेतला आणि ओरडला, “काय गं, घड्याळ कळत नाही तुला?”

माडीवर शांतता पसरली. बाईंची मान खाली गेली. पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघ ओढत त्या बारीक आवाजात म्हणाल्या, “सर, आईला बरं नव्हतं.”

हे वाक्य त्यांनी नोकरीभर ऐकलेलं. किती पोरींना त्यावर छडी दिली असेल, कितींना घरी पाठवलं असेल. म्हणणाऱ्या बाजूला त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. मुलाला पुढे काय बोलावं सुचेना. थोड्या वेळानं तो म्हणाला, “बस. पंख्याखाली बस. डबा आणलास का?” बाई नाही म्हणाल्या. कुणीही हसलं नाही. विनोदाच्या तालमीत असंही होतं, आणि झालं तर होऊ द्यायचं असतं.

हसायचं राहिलेलं असेल तर ते मुळाक्षरांच्या खेळात वसूल होतं. प्रत्येक वाक्य पुढच्या अक्षरानं सुरू करायचं. क, ख, ग, घ छान जातात. मग येतो ङ. ज्या अक्षरावर ओळखीचा एक शब्द सुरू होत नाही, ते आपण पाटीवर शेकडो वेळा का गिरवलं, हा प्रश्न सीएंच्या वाट्याला आला. त्यांनी नाक चिमटीत धरलं आणि म्हणाले, “ङ… ङला जरा सर्दी झालीय.” तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात एक कायम नाक चोंदलेला गृहस्थ आहे. च, छ, ज, झ पार पडले आणि ञ आला. कॉलेजातल्या मुलीनं चौपायी होऊन “ञ्याँव” केलं. त्या गृहस्थाच्या मांजरालाही सर्दी! ण आला तेव्हा सगळ्यांनी माना टाकल्या. शेठजी मात्र उठले, हात जोडले आणि गंभीरपणे “णमो” म्हणून मांजराच्या प्रकृतीसाठी नवकार मंत्र म्हणायला उभे राहिले. ळ पर्यंत आम्ही अजून पोहोचलेलो नाही. त्याच्या आधी दुसरा दिवा जातो.

हे सगळं विलायती आहे, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. मग आठवू लागलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी रचून करायची. राक्षस ‘अललडुर्र’ करत यायचे आणि सुचेल ते बोलायचे. तमाशाचा वगही असाच. गण, गवळण, बतावणी ठरलेली, पण सोंगाड्या आज काय बोलेल हे गावावर आणि गावातल्या ताज्या भानगडीवर अवलंबून. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आलं ते लिहिलेलं नाटक, पण दादा कोंडक्यांनी त्यात ज्या ‘ॲडिशन’ घेतल्या त्या ऐकायला माणसं पुन्हापुन्हा गेली. आणि सोंगाड्याचं कसब नीट पाहा. तो मूर्ख होतो, उलटं ऐकतो, भलताच अर्थ लावतो, पण समोरच्याला गप्प करत नाही. त्याच्या प्रत्येक उत्तराला एक शेपूट असतं आणि ते समोरच्याच्या हातात येतं.

सिंधुदुर्गातल्या जत्रांत दशावतार अजून याच रीतीनं उभा राहतो. एक बाकडं, एक पेटी, मृदंग आणि झांज. पात्रं स्वतःच रंगायला बसतात, त्या वेळी आजचं आख्यान कुठलं हे ठरतं आणि रात्रभर देवदानव लेखी संवादाचा कागद न बघता एकमेकांना ऐकत बोलतात. शिकागोच्या बाईंना हे दाखवलं असतं तर त्यांनी त्या बाकड्यावरच बैठक मारली असती.

मग आपण वहीत कधी शिरलो? १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं. अशा नाटकांना तेव्हा ‘बुकिश’ म्हणत. १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात झालं आणि लिहिलेल्या नाटकाचा दबदबा पक्का झाला. थोरल्या माधवरावांवर असं नाटक निघालं, आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव, त्यांच्या नावाच्या पेठेत आम्ही वही फेकून नाटक करतोय. नारायणरावांच्या बाबतीत तर संहितेशी खेळणं फारच महागात पडलं. ‘ध’चा ‘मा’ खरा झाला की ती नुसती आख्यायिका, ते इतिहासकार जाणोत. पण १७७३ साली इथून हाकेच्या अंतरावर शनिवारवाड्यात जे घडलं, त्याची लोकांनी लावलेली संगती एका अक्षराच्या खाडाखोडीची आहे. मुद्रितशोधकाला याहून मोठा धडा नाही. लिहिलेल्यात बदल केला तर जीव जातो. म्हणून मुळात लिहायचंच नाही, हे आमचं धोरण मला सुरक्षित वाटतं.

सरकारला तसं वाटेलच असं नाही. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. आमच्या सीएंनी हे शोधून काढलं आणि तालमीत गंभीर प्रश्न मांडला: काय द्यायचं? कोरी पानं दिली तर किती द्यायची? त्यावर ‘मूळ प्रतीप्रमाणे’ असं कुणी साक्षांकित करायचं? गुरुजींनी ‘संहितार्थे अक्षता’ सुचवलं. शेवटी तिकीट न लावता, घरच्याच माणसांना बोलावून, त्याच माडीवर प्रयोग करायचा असं ठरलं.

प्रेक्षक वेळेआधी आले. सर पुढे होऊन म्हणाले, “आम्हाला एखादी जागा सुचवा.”

शांतता. मग मागून आवाज आला, “कशाला?”

“तुम्ही काही ठरवून नाही आलात?” दुसरे.

“जागा म्हणजे साधारण किती स्क्वेअर फूट?” तिसरे.

अखेर एका आजींना दया आली. “घ्या, रेशनचं दुकान घ्या,” म्हणाल्या. आम्ही रेशनचं दुकान घेतलं. शेठजी दुकानदार झाले, बाई रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पिशवीतून एक नसलेलं मांजर काढून त्याच्या नावावर साखर मागितली. त्यांच्या मागे सीए होते. मांजर, साखर, रेशनकार्ड! इतकं फर्मास उत्तर त्यांना सुचलेलं आम्हाला त्यांच्या डोळ्यांत लख्ख दिसलं. ओठ उघडले. चष्म्यापर्यंत हात गेला. आणि त्यांनी ते उत्तर गिळलं. वाकून मांजराकडे पाहत, नाक चोंदलेल्या आवाजात ते म्हणाले, “याचं नाव कार्डावर कधी चढवलंत? आमच्याचं अजून अडकलंय.” मग बाईंनी अर्जाची हकीकत सांगितली, कॉलेजातली मुलगी दोन्ही मांजरांची वकील झाली आणि आजींनी प्रेक्षकांतूनच आपलं कार्ड काढून पुरावा म्हणून पुढे केलं.

सगळे पांगल्यावर मी खुर्च्या लावत होतो. काका किल्ल्या वाजवत आले. इतक्या दिवसांच्या तालमी त्यांनी दाराशी बसून ऐकल्या होत्या, म्हणून त्यांना विचारलं, “काका, कसं झालं?”

“ठीक झालं,” ते म्हणाले. “पण पाठांतर कच्चं आहे तुमचं. तालमीला एक बोलत होतात, आज भलतंच बोललात सगळे.”

यावर एक उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. चांगलं होतं. मी म्हटलं, “हो काका, आणि पुढच्या प्रयोगाला आणखी मेहनत घेतो.”

“घ्या,” काकांनी पहिला दिवा मालवला. “आणि काहीही करा, तो सर्दीवाला काढू नका.”